हिदच्या गोदीत

पाणी उपसलं की जहाजाचं पोट दिसतं :
शेवाळ, शिंपले, गंजाचे फोड,
समुद्रात ते कुणाला दाखवत नाही असलं सगळं.
आम्ही त्या पोटाखाली. बहारीन, हिदची सुकी गोदी,
ऑगस्टची रात्रपाळी,
हवा ओल्या गोणपाटासारखी तोंडावर.

ग्रीक जहाज होतं. त्याचा म्हातारा इंजिनीअर लेफ्तेरिस
गॅस्केटची वाट बघत
पालथ्या बादलीवर बसायचा माझ्याजवळ.
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं,
म्हणून गोष्ट सावकाश चालली.

त्यांच्याकडे एक गुलाम होऊन गेला, म्हणाला.
एपिक्टेटस. नावाचा अर्थच ‘मिळवलेला’, विकतचा.
आईनं वेगळं काही ठेवलं असेल, ते कुणी टिपून ठेवलं नाही.
मालकानं पाय पिरगाळला तेव्हा म्हणाला, मोडेल हं.
मोडला. तेव्हा म्हणाला, सांगितलं होतं ना.
लेफ्तेरिसनं खांदे उडवले :
असं सांगतात. खरं कुणाला ठाऊक.

मला रागच आला.
आमच्या गावात असल्या माणसाला
शहाणा कुणी म्हटलं नसतं. मेंगळट म्हटलं असतं.

पुढे सुटला, शाळा काढली.
घरात चटई, वळकटी, दिवा.
लोखंडी दिवा चोरानं नेला, तर मातीचा आणला.
आणि तो मेल्यावर तोच मातीचा दिवा कुणी हौशा
तीन हजार मोजून घेऊन गेला,
त्या उजेडात बसलं की अक्कल येते म्हणून!
इथे आम्ही दोघं हसलो.
माझी हेल्मेटची बत्ती त्याच आठवड्यात गेली होती
आणि तीन दिवस मी खोलीतल्या सहा तोंडांत
चोर शोधत होतो.

मग शिकवायचा काय?
त्यानं खडूनं जहाजाच्या पोटावर उभी रेघ ओढली.
इकडे तुझं. तिकडे तुझं नसलेलं.
खडू मला दिला. भर.

तिकडे मी लिहीत गेलो :
पासपोर्ट, तो कंपनीच्या तिजोरीत,
पगाराची तारीख, ऊन, शमालचा वारा,
घरचा फोन लागणं, माझा गुडघा.
रकाना जहाजाच्या वळणाखाली शिरला.
इकडे काही सुचेना.
गॅस्केट आलं. तो उठला. रेघ राहिली.

मंगळवारी परांचीची फळी सुटली.
अब्दुल गनी तिसेकर, श्रीवर्धनचा,
पट्ट्यासकट खाली, कारण पट्टा अडकवलेला पाइपच निखळला.
डावा पाय नको तिकडे वळलेला.
मुकादमाला त्यानं दोनदा बजावलं होतं, फळी जाईल हं.
इस्पितळाच्या खाटेवर, ओठ पांढरे,
तो एवढंच बोलला :
सांगितलं होतं ना.

मेंगळट म्हटलं होतं मी.
ती तर साक्ष होती.

ऑफिसात एसी इतका की दात वाजले.
मुदीरनं कागद सरकवला :
‘तिसेकरनं पट्टा लावला नव्हता.’
खाली माझं नाव, आधीच टाइप केलेलं.
लावला होता. बक्कल मीच ओढून बघितलं होतं.
त्यानं मुलीची शाळा विचारली,
व्हिसा कधी संपतो तेही विचारलं, मायेनं.

माझा अख्खा तिकडचा रकाना
त्याच्या टेबलावर मांडलेला होता.
पेन तेवढं माझ्या बोटांत.
‘लावला होता’, मी लिहिलं, मराठीत,
घाईत तेच आलं,
मग खाली मोडक्या इंग्रजीत.
हात कापत होता. कापणं तिकडचं,
म्हातारा म्हणाला असता.

ग्रीक जहाज शुक्रवारी गेलं.
नव्या लाल रंगाखाली कुठेतरी
माझा खडूचा रकाना समुद्र कापतोय,
पासपोर्टच्या चुकीच्या स्पेलिंगसकट.

तिसेकर कुबडीवर आहे. भरपाईचं अजून काही नाही.
माझं तिकीट निघणार असं कानावर येतं,
समोर येऊन कुणी सांगत नाही.
रात्री तो अर्धा खुबूस माझ्याकडे सरकवतो
आणि डाळीत बोट बुडवत विचारतो,
बत्तीचा चोर सापडला का रे?