शेजारचा शॉट

आमचा सिनेमा अकरा मिनिटांचा.
त्यातली चार मिनिटं एक माणूस दाराकडं बघत बसतो.
माणूस म्हणजे कौतिकमामा, केमिस्ट्री लॅबचे शिपाई;
जालन्यात रविवारी भर उन्हात यायला
दुसरं कुणी तयार नव्हतं.

मुज्जम्मिल म्हणाला, "मामा, थोडा डरो ना,
जैसा रात में कोई दरवाजा ठोकरा."
मामांनी डोळे वटारले, जबडा उघडला,
आणि आम्ही फरशीवर लोळून हसलो.
सात टेक गेले. आठव्याला ते दमले,
नुसते बसून राहिले.
मानेवर घाम, चेहऱ्यावर काहीच नाही.
मी कॅमेरा बंद करायचं विसरले.

भीती अशीच शिकलो, चुकत चुकत.
कॅमेरा तिरका धरला की खोली आजारी दिसते,
सारखाच धरला तर कॅमेरावाला पिलेला वाटतो.
बोलणाऱ्या दोघांमधली रेघ ओलांडायची नसते;
ओलांडली की दोघंही
तिसऱ्याच कुणाकडं बघायला लागतात.
हाड मोडायचं तर ओल्या फडक्यात ज्वारीचं धांडं.
लाल दिव्याला पैसे नव्हते,
पण एमआयडीसीत भट्टी उघडली की
आभाळ फुकटात लाल व्हायचं,
आणि मुज्जम्मिल गच्चीवरून ओरडायचा,
"आया, आया, जल्दी ले लो!"

पावलं मात्र जमेनात.
बूट झाले, खडावा झाल्या, करवंट्या झाल्या.
शेवटी एका रात्री
मी मोबाइल उंबऱ्याशी ठेवून दिला.
बाबा पालिकेत व्हॉल्व्हमन.
ज्या गल्लीचा नंबर असेल तिथं
रात्री अडीचला जाऊन पाणी सोडतात.
छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा.
एक पाऊल.
चावीचं टोक फरशीवर.
मग दुसरं पाऊल, जरासं ओढलेलं.

सरांनी हेडफोन लावला, मान वर केली,
"बाप रे. कुठून आणला हा?"
नेटवरून उतरवला, म्हणाले मी.

एडिटिंग आमच्याच घरी.
मामांच्या आठव्या टेकपुढं दार जोडलं:
मामा भ्याले.
दार काढून भाकरीचं ताट ठेवलं:
मामा भुकेले.
मग चुकून कुठल्याशा जुन्या फायलीतला
लहान लेकराचा एक बूट तिथं येऊन पडला,
आणि मुज्जम्मिल उठून बाहेर गेला,
बराच वेळ आलाच नाही.
चेहरा तोच होता. मी फ्रेम फ्रेम तपासली.

मागं बाबा उभे. कधीपासून, कोण जाणे.
"हा मामा कामून भेऊ ऱ्हायला?"
"भ्याले नाहीत, बाबा. थकलेत."
"मंग थकलेलाच दाखव ना, माय."
त्यांनी कोपऱ्यातली चावी उचलली.
एक पाऊल. टोक. मग दुसरं.

दहावीचा निकाल घेऊन मी उभी होते
तेव्हाही बाबांचा चेहरा असाच होता.
एकसष्ट टक्के.
पाच वर्षं झाली, त्या चेहऱ्यापुढं
मी तोच कागद जोडत आलेय.
त्या पहाटे ते कुठल्या गल्लीतून आले होते,
पाणी पोचलं नाही म्हणून
कुणी कॉलर धरली होती का,
की फक्त दाढ दुखत होती,
हे फुटेज माझ्याकडं नाही.
तेव्हा मी तिकडं बघतच नव्हते.

सेमिनार हॉलमध्ये पडदे ओढले.
सातव्या मिनिटाला पावलं आली,
पहिल्या रांगेतली कुणीतरी किंचाळली,
टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या,
सरांनी माझ्याकडं वळून अंगठा दाखवला.

मी शेवटच्या रांगेकडं बघितलं.
बाबांनी हळूच
दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.