बोट लागते तेव्हा

मंगळवारी संध्याकाळी, हीटर तापायच्या आत,
रॅगेड आर्मच्या चर्चमध्ये
व्हर्ना पार्डीनं आम्हाला पहिली गोष्ट सांगितली :
"चित्र गेलं तर लोक वाट बघतात.
आवाज गेला की उठून चहा ठेवतात."

म्हणून आधी माइक.
पाद्रीबाबांच्या झग्याला घासणार नाही असा एक,
आणि कॉयरच्या वर दुसरा, जरा तिरका,
मेव्हिसचा खोकला तिच्या सुराच्या पुढे जाऊ नये इतपत.

तीस वर्षं व्हर्नानं लग्नं चित्रित केली.
"लग्नात सगळ्यांना दिसायचं असतं," म्हणाली,
"इथं कोणी दिसायला येत नाही.
तेवढं लक्षात ठेवलंत तर अर्धं काम झालं."

उरलेलं अर्धं महिनाभर चाललं.
प्रार्थनेत झूम नाही.
भाकर घ्यायला रांग लागली की पाठी दाखवा, हात दाखवा.
मागच्या बाकावर पोरं काय करतात
ते देवालाच बघू द्या.
डोक्यावर चार बोटं जागा सोडा,
माणसाला छप्पर हवं, पण ते टेकता कामा नये.
आणि रडणाऱ्या चेहऱ्यावर थांबायचं नाही.
हे ती दोनदा म्हणाली.

जोलीन सोळाची, एका संध्याकाळीत शिकली.
मी शाळेची बस चालवते;
वळण हळू घ्यायची सवय कामी आली.
हेडली स्नूकला मात्र जमेना.
आधी कॉड, मग खेकडे, बेचाळीस वर्षं पाण्यावर,
आणि आता झटक्यानंतर उजवा हात
आपल्या मर्जीनं थरथरणारा.
त्यानं दांडा धरला की वेदी हेलकावे खायची.
"घरी बसल्या बसल्या बोट लागेल लोकांना," जोलीन म्हणाली.
सगळ्यात मोठ्यांदा हेडलीच हसला.

व्हर्नानं दांडा डावीकडे बसवून दिला.
"जाळं ओढतोस तसं नाही. दोर सोडतोस तसं.
आधी श्वास सोड, मग फिरव."
केबल गुंडाळण्यात मात्र त्याला पहिल्या दिवसापासून तोड नव्हती.

बघणारे एकतीस.
पायऱ्या चढवत नाहीत असे गावातलेच सतरा,
बाकीचे अल्बर्टात तेलाच्या कामावर,
आणि एक कुणीतरी, जो कधी नाव लिहीत नाही
पण शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबतो.

नोव्हेंबर. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायचा रविवार.
"आज जोलीनला बसू दे," व्हर्ना म्हणाली.
"एस यायला वेळ आहे," हेडली म्हणाला,
आणि दोन नंबरच्या कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला.

नाव, मेणबत्ती. नाव, मेणबत्ती.
ज्योती फ्रेमच्या मधोमध, एकही हलली नाही.
मग
ब्यूला मे स्नूक.

कॅमेरा ज्योतीकडे गेला नाही.
हळूहळू डावीकडे निघाला, बाकं ओलांडून, खांब ओलांडून,
रंगीत काच परवडली नाही त्या खिडकीपाशी पोचला,
जिच्यातून खाडीचं तोंड दिसतं.
तिथं थांबला.
खूप थांबला.
पुढची दोन नावं त्या पाण्यावरच वाचली गेली.

माझ्या कॅमेऱ्यात पाद्रीबाबा तयार होते,
चार बोटं जागा सोडून, अगदी नियमात.
व्हर्नाचं बोट माझ्या बटणावर होतं.
हेडफोनमध्ये मला तिचा श्वास ऐकू येत होता.
तिनं मला घेतलं नाही.

मंगळवारी रेकॉर्डिंग लावलं.
आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो,
म्हणजे हेडलीकडे बघत नव्हतो.
"क्षितिज तिरकं आहे," व्हर्ना शेवटी म्हणाली.
"बोटीवरून तसंच असतं," हेडली म्हणाला.

ती वाकली, ट्रायपॉडचा बुडबुडा तपासला.
बरोबर मधोमध होता.
"पुसायचं का हे?" जोलीननं विचारलं.
कोणी उत्तर दिलं नाही.
हेडलीनं जमिनीवरची लांब केबल उचलली
आणि गुंडाळत राहिला, वेढ्यावर वेढा,
पुढच्या वेळी सोडताना
गाठ पडू नये अशी.