दीड हाताची मेर

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोट टेकली
आणि कापणीचं यंत्र उतरलं, सेलमची धूळ अंगावर घेऊन.
मागोमाग मुरुगेसन, ऑपरेटर, हातात चपला.
पट्ट्याचं मागवलं होतं, आलं चाकांचं.

कोरगुट पिकून आडवं झालं होतं खाजनात.
तासाला अडीच हजार. पण तास मोजायचा कुठून,
धक्क्यापासून की शेतापासून?
यावर सोसायटीत दोनदा चहा झाला.

यंत्र सात फूट रुंद,
मेर दीड हात.
मेरेच्या पल्याड कायतानचे वारस:
एक स्विंडनला, एक कुवेतला,
एक मडगावात, पण तो फोन उचलत नाही.
मेर फोडायची तर अकरा सह्या.
माझी तरी कुठे आहे म्हणा!
कूळ म्हणून नाव आजेसासऱ्याचं,
ते गेले तेव्हा मांडवीवर पूल नव्हता.

प्रशिक्षणाला गेले होते मी एकदा.
पाती, पट्टा, ग्रीस कुठे भरायचं,
सगळं वहीत उतरवून आणलं.
नाव नोंदवायला गेले तर साहेब म्हणाले,
"जमीन ज्यांच्या नावे, त्यांना पाठवा."
म्हटलं, निघाले की कळवते.

एस्पेरांस म्हणाली, "बरंच झालं, माझी कंबर सुटेल."
मग बराच वेळ गप्प.
"पण सुटलेली कंबर घेऊन जाऊ कुठं?"

मुरुगेसनने चिखलात काठी खुपसली,
गुडघ्याएवढी आत गेली.
धुऊन त्याने ती परत माझ्या हातात दिली.

रस्त्याकडेचं डॉक्टरांचं शेत तेवढं कापलं.
वीस मिनिटं.
आम्ही मेरेवर ओळीने उभ्या, विळे कमरेला.
आम्हां पाचजणींचे दोन दिवस, मी मनात मोजले.
विळ्याला सह्या लागत नाहीत, हेही आठवलं,
पण त्याचा आनंद झाला नाही.

ओहोटी होती, फेरी थांबली होती.
मी विचारलं, बसू का?
तो सरकला. नाव कोणाचं, विचारलं नाही.
दांडा ओढला तशी पाती वर उठली,
हवेत थोडी फिरली, खाली आली.
धक्क्यावरचं एक पोर हसलं.

रात्री पेज वाढताना
डाव्या हातात ती थरथर अजून होती.
सासू म्हणाली, हीव भरलं का गो?
नाही, म्हटलं. कानस कुठे ठेवलीय?
विळा बोथट झालाय.