साठ इंच

मे महिन्यात दुपारी तीनला
मानेवाड्यात दार कोण वाजवतं?
कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही त्या वेळी.
हा आला. गळ्यात कंपनीचा पट्टा, काखेत टॅब,
चपला काढायच्या आधीच म्हणाला,
"काकू, तुमचं छत लय तापून राहिलं."

तापून राहिलं तर.
शेहेचाळीस अंशांत गारठून राहील का?
एकवीस उन्हाळे काढले ह्याच छताखाली,
मशीनच्या पायट्याजवळ ओला टॉवेल,
कूलरमधल्या खसाचा वास, आणि लग्नसराईचे ब्लाऊज.

पांढरं कोटिंग, तीन थर, दहा वर्षं गॅरंटी,
खोली आठ अंश थंड. बोटानं टॅब सरकवत
त्यानं आकडा दाखवला:
एक लाख चोवीस हजार आठशे.

मी बोलले काहीच नाही. नुसता श्वास घेतला.
त्या श्वासालाच नकार समजून
त्यानं अठ्ठ्याण्णव केले.
दूध उतू जाईल म्हणून आत गेले, आले,
तर पंच्याऐंशी.
मग सरांना फोन. "सर, घरच्याच आहेत, काही करा ना."
घरच्या!
पाच मिनिटांपूर्वी दारावरची पाटी वाचून
त्यानं माझं आडनाव चुकीचं घेतलं होतं.
"एकाहत्तर, काकू. पण आज सातपर्यंतच."

आणि हे छत किती, म्हटलं.
"पावणेअकराशे फूट."
कधी नापलं?
"अंदाज आहे जी. रोजचंच काम आहे."

रोजचंच तर माझंही आहे.
अंदाजानं मी एकदाच कापलं आयुष्यात,
झाडेबाईंच्या पोरीचं ब्रोकेड.
ते भरून देताना दोन महिन्यांचं भाडं थकलं.

गळ्यातला टेप काढला.
चल वर.
"आत्ता? एवढ्या उन्हात?"
ऑफर सातला संपते ना?

टेप पाच फुटांचा, छत काही पाच फुटांचं नाही.
त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं,
शिंप्याच्या निळ्या खडूनं खूण, पुन्हा पुढे,
तळवे भाजतात म्हणून तो एका पायावर, मग दुसऱ्या,
आणि पंधराच्या पुढे माझ्याआधीच मोजायला लागला:
वीस, पंचवीस, एकोणतीस.
आडवं बावीस.
जिना आणि टाकी वजा जाता
पाचशे नव्वद.

तो टॅबकडे पाहत राहिला.
मी त्याच्या खांद्याकडे. काय करू, सवय.
शर्टाची शिवण दंडावर दोन इंच उतरलेली.
नाप घेतला होता का रे ह्याचा?
"नाही जी. सगळ्यांनाच बेचाळीस वाटले."
पोरगा अडतीसचा. फार तर.

"सर म्हणतात, वरूनच टाका," तो म्हणाला,
कोणाला म्हणाला कोण जाणे. टाकीला असेल.

मी काही साधू नाही.
दिवाळीत "अर्जंट" म्हणून शंभर जास्त लावते,
गिऱ्हाईक घासाघीस करणार दिसलं
तर आधीच वीस वाढवून सांगते.
पण टेप लावल्यावर.

खाली माठातलं पाणी दिलं, दोन गिलास प्याला.
कार्ड ठेवून गेला: प्रज्वल लांजेवार,
सिनियर काहीतरी. वय असेल बावीस.

रविवारी इतवारीतून चुना आणला, डिंक आणला,
शेजारच्या कांताला धरून संध्याकाळी दोन हात मारले.
निळ्या खुणा बुजल्या.
खोली किती अंश उतरली ते माहीत नाही,
त्याचा टेप माझ्याकडे नाही.
रात्री पंखा मात्र जरा माणसात आल्यासारखा वाटला.

मंगळवारी फोन.
"काकू, ऑफर आज सातपर्यंतच आहे."
आवाजावरून ओळखलं, शेजारी सर उभे असणार.
मी म्हटलं, शर्ट आण.
खांदे उचलून देते.
"किती घ्याल?"

आधी उभा राहा समोर. मग सांगते.