खिसा

पागेदार बाईंचा पहिला धडा एका ओळीचा:
आत शिराल तेव्हा दोन्ही हात खिशात.
आम्ही सात मुली. कुर्त्यांना खिसे नव्हते.
बाई थांबल्या, वळल्या,
फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं:
खिसे शिवून घ्या.

त्या संध्याकाळी दांडिया बाजारात
अशरफ टेलरने दोनदा विचारलं, "ड्रेसला? बन्ने बाजू?"
हो. मनगट बुडेल एवढे खोल.
कशाला, ते त्याने विचारलं नाही,
फक्त डावा खिसा बोटभर आखूड शिवला.

नऊ नंबरच्या खोलीत
रावजीकाका शिपाई दर मंगळवारी मरून पडायचे,
साडेअकरा ते एक.
डोक्याखाली बिटाचा रस,
मुठीत बसचं तिकीट, मुद्दाम चुकीच्या तारखेचं.
दाराशी उभं राहून आधी नुसतं बघायचं.
मग टेप: दारापासून टाच, खिडकीपासून टाळू,
कारण माणूस हलवला जातो
आणि भिंती जागच्या जागी राहतात.
हेतलने वहीत लिहिलं: मृत व्यक्ती घोरत आहे.
आम्ही फिदीफिदी हसलो.
बाईंनी तिला दहापैकी दहा दिले.
"हिने ऐकलं ते लिहिलंय. तुम्ही सगळ्या
सांगितलं म्हणून त्याला मेलेला धरून बसलात."

ब्रश खारीच्या केसांचा.
हात जड पडला की ठसा पुसला जातो,
फार हलका असला तर उठतच नाही.
पेल्यावरून मी तीन ठसे उठवले, स्वच्छ, रेघ न् रेघ.
तिन्ही माझे.

भाद्रपदात विश्वामित्री काळा घोड्याच्या पुलाला टेकली,
आणि पाणी ओसरल्यावर
बाईंनी एक फोटो वर्गात फिरवला.
पोटरी. दातांची कमान.
पेपरने मगरीचं नाव केव्हाच छापून टाकलं होतं.
"कडा बघा," बाई म्हणाल्या, "फिकट आहेत.
सूज नाही, रक्त साकळलेलं नाही.
जिवंत अंग जखमेला उत्तर देतं.
हे अंग गप्प होतं. मगर नंतर आली."
का कोण जाणे, आम्हाला हायसं वाटलं,
त्या खवल्यांच्या, मिचमिच्या डोळ्यांच्या जनावरासाठी.
फोटो शेवटच्या बाकापर्यंत गेला.
मग आधी कोण आलं होतं,
हे विचारायला कुणी हात वर केला नाही.
तास संपला.

परवा मकरपुऱ्यात माझी पहिली खरी खोली.
दहा बाय बारा. खाट. उलटी पडलेली एक चप्पल.
टेपच्या अलीकडे उंबऱ्याशी त्याची बायको,
हातात रिकामी कळशी, कुणी घे म्हटलं नसताना धरलेली.
मी दाराशी उभी. हात खिशात.
सहा दहाला मोरीतल्या नळाला पाणी आलं,
कालपासून उघडाच राहिलेला.
बादली भरली. घमेलं भरलं.
मग पाणी मोरीच्या जाळीतून निघालं.
"बेन," ती म्हणाली, "नळ बंध करो ने, पाणी जाय छे."

नळाच्या चावीवर अजून पावडर पडायची होती.
फोटोवाला खाटेपाशी वाकलेला.
मी काही बोलले नाही.
ती पुन्हा म्हणाली, हलक्या आवाजात,
जणू शेजारणीच्या दारातून,
बेन, आखा दिवसनुं पाणी छे.
उजवा हात खिशात बसला होता.
डाव्याचं मनगट बाहेर राहत होतं,
आणि तिची नजर तेवढ्या उघड्या मनगटावर.

चाळीस मिनिटं.
मग नळानेच घरघर केली, थुंकला, थांबला.

रात्री अहवाल लिहिला:
सकाळी सहा दहा ते सहा पन्नास नळ वाहत होता.
बंद केला नाही.
त्याखाली माझी सही.
कळशी रिकामी होती, तेही लिहिलं,
आणि खोडलं नाही,
जरी त्यासाठी छापील रकाना नव्हता.