झाकण

अशोक चौकातून आत वळलं की तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी
ड्रेनेजवर झाकण नव्हतं.
अकरा रात्री ते नसलेलं झाकण ओलांडून
मी कारखान्यात गेलो.
पाऊल आपोआप लांब पडायचं.
पायाला कळलं होतं, मला नाही.

खोटं. मलाही कळलं होतं.
पहिल्या रात्री म्हणालो, महापालिका झोपलीय.
दुसऱ्या रात्री, नगरसेवक झोपलाय.
चौथ्या रात्री चहाच्या गाड्यावर मल्लेशमला सांगितलं.
तो म्हणाला, “मी तर पंधरा दिवस बघतोय,”
आणि जास्त दिवस कुणी बघितलं
यावर आम्ही दोन कटिंग प्यालो.

बाराव्या पहाटे पाणी आलं.
आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही पाहुण्यासारखं, वेळ न सांगता.
सगळा बोळ घागरी घेऊन उठला.
खांबावर दिवा नव्हता.
सायव्वा गेली त्यात. कमरेपर्यंतच.
उजवं मनगट मोडलं.

उजवं मनगट म्हणजे काय
हे या भागात सांगावं लागत नाही.
हजार विड्या रोजच्या. त्यातून
गॅस, नातीची फी, भिशीचा हप्ता.
मला कुणी काही म्हणालं नाही.
म्हणायला हवं होतं कुणीतरी.

एकतीस वर्षं माग चालवतोय.
चार माग, एक माणूस, आणि कानात असा खडखडाट
की घरी बायको प्रेमानंसुद्धा ओरडूनच बोलते.
मागावर कायदा एकच:
तुटलेली तार ज्याला दिसली, त्यानं माग थांबवायचा.
कुणामुळं तुटली, सूत कच्चं होतं का,
मागच्या पाळीवाल्यानं बघितलं नाही का,
ते सगळं गाठ मारल्यावर.
नाहीतर ती एक तार
टॉवेलातून टॉवेलात रेघ होऊन चालत जाते
आणि माल सेकंडमध्ये.
हे मी पोरांना शिकवतो, कान धरून शिकवतो,
आणि पाळी सुटली की घडी घालून
खिशात ठेवतो.

त्या सकाळी कारखान्याच्या मागचा फुटका बीम खांद्यावर घेतला.
भोकात उभा केला.
वर लाल टॉवेल बांधला, कडेला रेघ गेलेला.
मल्लेशम हसला, “झेंडा कुठल्या पक्षाचा?”
म्हटलं, अजून एकच माणूस आहे पक्षात.
तो गेला. थोड्या वेळानं
चार विटा घेऊन आला, बीम हलत होता म्हणून.

झोन ऑफिसात सहा खेपा.
कारकून म्हणाला, “घर त्या बोळात आहे?”
नाही.
“मग?”
त्या ‘मग’ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
खुर्ची ओढून बसलो.

संध्याकाळी सायव्वाकडं जायला लागलो.
माफी मागणार होतो,
पण तिनं ‘कशाची?’ विचारलं असतं,
म्हणून कात्री मागितली.
फर्मा ठेवून मी पानं कापतो, तिची सून वळते.
माझी पानं तिरकी जातात.
ती डाव्या हातानं उचलून बघते, ‘छाट’ म्हणते,
बाजूला टाकते.
‘मेल्लगा,’ म्हणते. हळू.
धाग्याशी जन्म गेला माझा,
आणि पान मला ऐकत नाही.

झाकण आलं. दीड महिन्यानं.
सिमेंटचं, त्यावर आकडा कोरलेला.
फोटोत चार लोक होते, चौघंही अनोळखी.
बीम परत ठेवला. टॉवेल धुऊन वाळत घातला.
सायव्वाचं मनगट अजून थंडीत ठणकतं.

काल दुपारी कन्ना चौकाकडं जाताना
विजेच्या पेटीचं दार उघडं दिसलं,
शाळेतल्या पोराच्या उंचीवर.
चव्वेचाळीस डिग्री ऊन. घरी जेवण वाट बघत.
पाऊल लांब पडलं, सवयीनं,
दोन पावलं पुढंही गेलो.

मग माग बंद केल्यावर होते ना,
तशी एकदम शांतता झाली.