साकळायची वेळ

रात्री पावणेदोनला मशीनने दगा दिला.
कंपनीचा माणूस महाप्यात राहतो, फोन उचलत नाही.
मग कपाटातून जुन्या काचेच्या नळ्या काढल्या,
त्या कशाला असतात हे नव्या पोरांना ठाऊकही नाही.

उतेकर बबन, वय एक्केचाळीस, तिसरा मजला.
धंदा माथाडी, कांदा-बटाटा मार्केट, तुर्भे.
डॉक्टरांनी लेप्टो लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय,
खालचं टिंब मात्र फार दाबून.

रक्त घेऊन बायकोच आली, पदराखाली झाकून,
जसं काही त्याला वारा लागेल.

नळी मुठीत धरायची. अंगाची ऊब द्यायची.
दर अर्ध्या मिनिटाला तिरकी करायची,
दह्याचं भांडं कलतं करून बघतात तशी.
लागलं का?
नाही.

खिडकीपलीकडून ती बोलत राहिली.
"आठ दिस पोटऱ्या दुखत्यात म्हनत हुतं.
म्हटलं, गोनी उचलनाऱ्याच्या दुखायच्याच.
मीच तेल चोळलं.
डोळे लाल झाले, तर मुकादम म्हनला, पिऊन आलाय.
पीत न्हाईत ओ ताई. च्या पन बिनसाखरेचा."

सात मिनिटं. नाही.

"सुई टोचली तिथलं अजून थांबंना.
तिसरा कापूस."

मला वाटलं, सांगावं हिला:
गाळ्यात घोट्याएवढं पाणी साचलेलं,
तळाशी सडका कांदा,
आणि मार्केटचे उंदीर, जे मांजराला वाट देत नाहीत.
टाचेच्या भेगेतून काहीतरी आत गेलं,
पिळाच्या तारेसारखं, इतकं बारीक
की मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, शिकताना, काळ्या पडद्यावर.
दोन्ही टोकांना आकडा असतो त्याला.
तुझा नवरा गोणीत रुतवतो ना,
तसाच.

सांगितलं नाही.
अकरा मिनिटं.
माझी मूठ घामेजली. आत लाल पाणी इकडून तिकडे
नुसतं
खेळत होतं.

रक्ताचं पाणी केलं, असं आपण म्हणतो
कुणाच्या कष्टाचं कौतुक करायला.
त्या रात्रीपासून माझ्या तोंडी ते येत नाही.

अठराव्या मिनिटाला काचेला काहीतरी धरलं,
सैल, दुबळं, हलवलं की सुटणारं.
वहीत लिहिलं: वीस मिनिटांनंतरही घट्ट नाही.
प्लेटलेट मी डोळ्यांनी मोजल्या. दोनदा मोजल्या,
कारण पहिला आकडा मला पटला नाही. दुसराही तोच.
वॉर्डला फोन. मग रक्तपेढीत फुर्ताडोला.
तो म्हणाला, देतो, पण बदली माणसं आणायला सांग.

साडेसहाला टोळी आली. अकरा जण.
वॉचमनने आकडे आत नेऊ दिले नाहीत,
त्याच्या टेबलावर हजेरीवहीशेजारी अकरा लोखंडी आकडे
एकमेकांत अडकून पडले होते.
चौघांचं हिमोग्लोबिन कमी निघालं.
ते चौघे बाहेर उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे.

मशीन दुसऱ्या दिवशी सुरू झालं.
उतेकरांच्या नळ्या येत राहिल्या, निळ्या टोपणाची, जांभळ्या टोपणाची,
आकडे थोडे वर, पुन्हा खाली, मग जरा वर.
पाचव्या दिवशी, कुणी सांगितलं नसताना,
थोडं रक्त मी काचेतही घेऊन बघितलं.
नऊ मिनिटं. नळी पूर्ण उलटी केली.
पडलं नाही.

त्यानंतर नळी आली नाही.
नळी न येण्याचे आमच्याकडे दोन अर्थ होतात.
लिफ्ट चालू होती, तिसरा मजला काही लांब नाही.
गेले नाही.

दिवाळीआधीच्या शनिवारी मार्केटात गेले.
पाच किलोच्या खाली कांदा देत नाहीत,
मी घासाघीस करत होते, एवढ्यात मागून ओरड:
बाजू! बाजू!
भिंतीला चिकटून उभी राहिले.
गोणीखाली माणसाचं तोंड दिसत नाही.
पाय दिसले,
काळे गमबूट, गुडघ्याला टेकलेले,
नवेकोरे,
मापाला जरा मोठे.